कोकणातील शाळांचा पट, गावची लोकसंख्या आणि पोटापाण्याचे गणित : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील जिल्हा परिषदेच्या शाळांविषयी मुंबईतील ग्रामविकास मंडळे, पालक, शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य आणि प्रकल्प लिहिणारे महाविद्यालयीन विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. शाळेविषयी म्हणून विचारलेले बरेचसे प्रश्न मुळात गावात कोण राहते आणि कशावर जगते याविषयीचे असतात, त्यामुळे उत्तरेही त्याच वाटेने गेली आहेत.

१. पट म्हणजे नेमके काय? पट आणि हजेरी एकच का?

एकच नव्हेत. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये दाखल असलेल्या आणि शाळा सोडल्याचा दाखला न नेलेल्या मुलांची संख्या म्हणजे पट, तर त्यांपैकी त्या दिवशी वर्गात बसलेली मुले म्हणजे हजेरी. शिक्षकांची पदे ठरवणारी संचमान्यता पटावर होते. त्यासाठी बरीच वर्षे ३० सप्टेंबर हा दिवस प्रमाण मानला जात आला आहे. जूनमध्ये दाखल झालेले मूल गणपतीनंतर आईवडिलांबरोबर मुंबईला निघून गेले, तर त्याचा दाखला कधी नेला यावर एखाद्या शाळेतील शिक्षकाचे पद टिकणे किंवा जाणे अवलंबून राहते, ते यामुळेच.

२. केंद्र म्हणजे काय? अमेरिकेतील ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’सारखीच ही व्यवस्था आहे का?

हा प्रश्न बहुधा परदेशात स्थायिक झालेल्या गावकऱ्यांकडून येतो. जवळपासच्या दहा-पंधरा शाळांचा गट म्हणजे केंद्र, त्यातील एक केंद्रशाळा आणि त्या गटावर देखरेख करणारा केंद्रप्रमुख. त्यावर विस्तार अधिकाऱ्यांची बीट (काही केंद्रांचा मिळून गट), तालुक्याला गटशिक्षणाधिकारी आणि जिल्ह्याला शिक्षणाधिकारी (प्राथमिक) अशी उतरंड आहे. साम्य एवढ्यावरच संपते. अमेरिकेतील स्कूल डिस्ट्रिक्टला बहुतेक ठिकाणी स्वतःचे निवडून आलेले मंडळ असते आणि खर्चाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून येतो. आपल्याकडे जिल्हा परिषदा १९६२ पासून प्राथमिक शाळा चालवत असल्या, तरी शिक्षकांचे वेतन राज्य शासन देते आणि शाळांच्या या केंद्राला स्वतःचे उत्पन्न नसते. त्यामुळे श्रीमंत बागायतदारांच्या गावातील शाळा आणि सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या धनगरवाडीतील शाळा यांच्या हक्काच्या निधीत फरक पडत नाही. फरक पडतो तो मुंबईच्या मंडळाकडून येणाऱ्या वर्गणीत, म्हणजे वह्या, संगणक, रंगरंगोटी आणि छपराचे पत्रे यांत.

३. या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या खरोखर घटली आहे, की ही नुसती चर्चा आहे?

घटली आहे, आणि तीही राज्याची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढत असताना. २००१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात १६,९६,७७७ माणसे होती, ती २०११ मध्ये १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्गात ८,६८,८२५ होती, ती ८,४९,६५१ झाली. दहा वर्षांत दोन्ही जिल्हे मिळून एक लाखावर माणसे कमी झाली. त्यानंतर जनगणना झालेली नाही. पुढची मुख्य गणना फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरली आहे, तोपर्यंत ‘आजची लोकसंख्या’ म्हणून सांगितला जाणारा कोणताही आकडा हा अंदाजच असतो.

येथे एक बारकावा लक्षात ठेवावा. गणना फेब्रुवारीत, म्हणजे शिमग्याच्या आधी होते. चाकरमानी त्या वेळी गावात नसतात, आंब्याच्या बागांत राखणीला आलेली नेपाळी कुटुंबे मात्र असतात. त्यामुळे जनगणनेतले गाव आणि गणपतीतले गाव ही दोन वेगळी गावे आहेत, असे म्हटले तरी चालेल.

४. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आहेत. म्हणजे येथे मुली जास्त जन्मतात का?

नाही. २०११ च्या गणनेत रत्नागिरीत ११२२ आणि सिंधुदुर्गात १०३६ असे प्रमाण आले, तेव्हा राज्याचे प्रमाण ९२९ होते, त्यामुळे हा समज पसरला. परंतु सहा वर्षांखालील मुलांमध्ये दोन्ही जिल्ह्यांत हजार मुलांमागे मुली हजारांपेक्षा कमीच आहेत. स्त्रियांचा वरचष्मा दिसतो तो कमावत्या वयाचे पुरुष बाहेर असल्यामुळे. एके काळी मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील माणसांचा भरणा होता, तेव्हा सिंधुदुर्गही त्याच जिल्ह्यात होता, कारण वेगळा जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. बाप गिरणीत आणि आई-मुले गावात अशी ती रीत होती. तेव्हा मुंबईहून मनीऑर्डर यायची आणि गावच्या शाळेचा पट भरलेला असायचा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या तरी मुंबई सुटली नाही, उलट उपनगरांत, पुढे डोंबिवली, नालासोपारा, विरार, दिवा अशा ठिकाणी खोली झाली आणि कुटुंबच तिकडे गेले. सिंधुदुर्गाचे प्रमाण २००१ मध्ये १०७९ होते, ते दहा वर्षांत १०३६ वर आले. या घसरणीमागे अनेक कारणे असली, तरी बायकामुलेही जाऊ लागली हे त्यांतील मोठे कारण आहे, असे आमचे मत आहे. शाळेच्या दृष्टीने पुरुष जाणे आणि कुटुंब जाणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

५. आमच्या गावची मतदारयादी हजारावर आहे. मग शाळेत आठच मुले कशी?

मतदारयादीत मुंबईकरांची नावे राहतात, रेशनकार्डावरही राहतात, त्यामुळे त्या आकड्यांवरून शाळेचा अंदाज बांधता येत नाही. पुढचे हिशेब कल्पित गावाचे आहेत, पण कागदावर करून पाहण्यासारखे आहेत. समजा, गावात प्रत्यक्ष राहणारी माणसे सहाशे आहेत. वयस्क माणसे जास्त असल्यामुळे हजारी बारा जन्म धरले, तर वर्षाला सात मुले जन्मतात. पहिली ते पाचवी या पाच वर्गांची मिळून पस्तीस. गाव चार वाड्यांत विखुरलेले आणि त्यांत शाळा तीन, म्हणजे एकेका शाळेच्या वाट्याला अकरा-बारा. त्यांतील तिसरा हिस्सा तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसला की उरतात सात-आठ.

या हिशेबात शिक्षकाची गुणवत्ता कोठेच आलेली नाही. महाराष्ट्रातील एकूण जननदरच, म्हणजे एका स्त्रीला सरासरी होणाऱ्या मुलांची संख्या, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १.७ पर्यंत उतरला आहे, त्यावर स्थलांतराची भर पडली की छोट्या वस्तीच्या शाळेचा पट एकआकडी होणे हे निव्वळ अंकगणित असते.

६. मुले कमी होण्याचे मोठे कारण कोणते : मुंबई की इंग्रजी माध्यम?

शाळेगणिक उत्तर बदलते, आणि ते शोधायला बाहेर जावे लागत नाही. जुन्या शाळेचे जनरल रजिस्टर काढावे. लांबट, कापडी पाठीचे, कोपरे वाळवीने खाल्लेले हे पुस्तक शिक्षकांच्या लोखंडी कपाटात असते. त्यात शेवटाकडे ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा रकाना असतो. जुन्या पानांवर ‘शिक्षण पूर्ण’, ‘घरकामासाठी’, ‘गुरे राखण्यासाठी’ असे शेरे आढळतात. मग ‘मुंबईस गेल्याने’ हा शेरा वाढत जातो. अलीकडच्या पानांवर मात्र हा रकाना बरेचदा साधासरळ असतो, कारण जे मूल इंग्रजी शाळेत गेले ते या रजिस्टरात कधी आलेलेच नसते. शाळा सोडलेल्या मुलांची नोंद राहते, दाखलच न झालेल्यांची राहत नाही. म्हणून रजिस्टराबरोबर अंगणवाडी सेविकेची कुटुंब पाहणीची वहीही पाहावी. अंगणवाडीत असलेले आणि पहिलीत न आलेले मूल कोठे गेले, हे त्या दोन वह्यांची सांगड घातल्यावर कळते.

रस्त्यालगतच्या, तालुक्यापासून दहा-बारा किलोमीटरच्या गावांत इंग्रजी शाळेच्या गाडीचा परिणाम ठळक दिसतो. सड्यावरच्या आणि खोऱ्यांतील वाड्यांत गाडी पोहोचत नाही, तेथे स्थलांतर हेच कारण असते. जिल्हा परिषद शाळांनी सेमी-इंग्रजी वर्ग सुरू केल्याने पहिल्या प्रकारच्या गावांत काही मुले थांबली, दुसऱ्या प्रकारच्या गावांत त्याचा उपयोग होण्याचे कारण नव्हते.

७. गाव नेमके कशावर जगते?

एकाच गोष्टीवर कोणतेच घर जगत नाही. एका घरात पावसाळी भात, वीस-पंचवीस हापूसची कलमे, काजूची बी, कोणाची तरी पेन्शन, मुंबईच्या मुलाचे पैसे, लाडकी बहीण योजनेचे दरमहा १५०० रुपये आणि गाडी असली तर भाडे, असे सगळे मिळून वर्ष निघते. किनाऱ्यावर मासेमारी आहे, पण यांत्रिक होड्यांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. आतल्या भागात जांभ्याच्या चिरेखाणी आहेत. मालवण, तारकर्ली, वेंगुर्ला या पट्ट्यात निवास-न्याहारीचे उत्पन्न वाढले आहे. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तरी त्या पैशाचा ओघ किनाऱ्यापासून फार आत जात नाही. दोडामार्ग आणि सावंतवाडीतील तरुण गोव्यात रोज ये-जा करून नोकरी करतात. खेड तालुक्यात लोटे परशुरामची रासायनिक वसाहत आहे.

फळबागांचा विस्तार झाला तो १९९० पासून, रोजगार हमी योजनेशी जोडलेल्या फळबाग लागवड अनुदानामुळे. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राच्या काजूच्या जाती, विशेषतः वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७, याच काळात कातळावर चढल्या. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

८. एवढी बागायत आहे, तर माणसे गाव का सोडतात?

बागायत सर्वांची नाही आणि बारमाही नाही. आंब्याचा पैसा मार्च ते मे या तीन महिन्यांत येतो. मोहोरावर फुलकिडे पडले, फवारणीचे चार-पाच हात जास्त झाले, मार्चमध्ये अवकाळी पाऊस आला, की पेटीचा भाव चांगला असूनही हाती काही उरत नाही. वाशीच्या दलालाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते, ती आधी वळती होते. डागी माल कॅनिंगला किलोवर जातो. काजूला परदेशातून आयात होणाऱ्या कच्च्या बीच्या भावाशी झगडावे लागते.

जमिनीचा प्रश्न याहून जुना आहे. सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावे, त्यांतील निम्मी मुंबईत, दोघे हयात नाहीत आणि वारसनोंद झालेली नाही, ही स्थिती सर्रास आहे. अशा जमिनीवर कर्ज मिळत नाही आणि मोठी गुंतवणूक करायला कोणी धजावत नाही. उरलेल्या भातशेतीत रानडुकरे आणि बागेत वानर-माकडे शिरतात. वार्षिक पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे, तरी एप्रिलमध्ये टँकर, कारण पाणी कातळावरून समुद्राला जाते. चौथीतल्या मुलाच्या आईला या सगळ्यापेक्षा नालासोपाऱ्यातील बारा हजारांची नोकरी अधिक भरवशाची वाटली, तर तिला दोष देता येत नाही.

९. नेपाळी राखणदार आणि कर्नाटकातून आलेले कामगार यांच्या मुलांना पटात धरतात का?

होय. सहा ते चौदा वयाच्या कोणत्याही मुलाला जन्मदाखला किंवा जुन्या शाळेचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे. मूल वयानुरूप वर्गात घ्यावे लागते. अडचण प्रवेशाची नसते, वेळेची असते. आंब्याच्या बागांत बरीच कुटुंबे पावसाळ्यानंतर येतात आणि जूनपूर्वी जातात, म्हणजे ३० सप्टेंबरच्या पटात ती मुले नसण्याची शक्यता मोठी. शिक्षक जानेवारीत त्यांना शिकवत असतो आणि कागदावर मात्र ती त्या वर्षीच्या पदमान्यतेत उमटत नाहीत. जी कुटुंबे वर्षभर राहतात त्यांची मुले नियमित पटावर असतात, आणि काही शाळांचा पट आज त्यांच्यामुळेच टिकून आहे. ही मुले वर्षभरात अस्खलित मालवणी किंवा संगमेश्वरी बोलू लागतात, ही बाब पाहणीच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही.

१०. किती मुलांमागे किती शिक्षक मिळतात?

कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार आणि १२१ ते २०० ला पाच शिक्षक. १५० च्या वर मुख्याध्यापकाचे स्वतंत्र पद. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक, परंतु प्रत्येक वर्गाला किमान एक, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांचे शिक्षक हवेत. वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांबाबत राज्याचे शासननिर्णय अलीकडच्या वर्षांत अनेकदा बदलले आहेत, म्हणून गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून त्या वर्षीचा निर्णय मागून घ्यावा. ही पदे मंजूर असूनही भरलेली का नसतात, यासाठी प्रश्न १३ पाहा.

११. पट घटला की शाळेचा पैसा किती कमी होतो?

समग्र शिक्षा योजनेतील वार्षिक संयुक्त अनुदान पटानुसार मिळते. ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला १०,००० रुपये आणि १०० पर्यंत २५,००० रुपये, असे त्याचे टप्पे आहेत. खडू, वीजबिल, झाडू, कौले शाकारणे हे सारे त्यातच बसवावे लागते. पोषण आहाराचेही तसेच. २५ मुलांपर्यंत एक स्वयंपाकी-मदतनीस, २६ ते १०० ला दोन. कौलारू इमारतीचे छप्पर मात्र मुले आठ असोत की ऐंशी, सारखेच गळते.

१२. दोन-तीन छोट्या शाळा मिळून एक मोठी शाळा केली तर काय बिघडते?

सपाट मुलखात कदाचित थोडेच बिघडेल. कोकणात हा प्रश्न नकाशावर नव्हे, जुलै महिन्यात वाटेवर उभे राहून पाहावा लागतो. राज्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. दोन वाड्यांमध्ये सरळ रेषेत सातशे मीटर अंतर असते, परंतु मध्ये वहाळ, म्हणजे ओढा असतो. त्यावरचा साकव (छोटा पायपूल) लाकडी असेल तर पहिल्या मोठ्या पावसात एखादी फळी जाते. सहा वर्षांचे मूल दप्तर, छत्री आणि चिखलाने जड झालेली चप्पल सांभाळत ते अंतर चालते, आणि पाणी चढले की त्या दिवशी शाळा नाही. पूल गाठून जायचे तर तीच वाट अडीच किलोमीटरची होते. शाळा लांब पडल्यास वाहतूक भत्त्याची सोय आहे, पण पैसे असले तरी वाडीत रिक्षा असावी लागते. एसटीचा मोफत प्रवास पाचवी ते बारावीच्या मुलींना आहे, पहिली-दुसरीच्या मुलांना त्याचा उपयोग नाही, आणि रात्री वस्तीला येणारी गाडी सकाळी सहाला निघून जाते.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. चौथीत एकटीच मुलगी असेल, तर तिला खो-खो नाही, कविता म्हणून दाखवायला सोबत नाही, आणि एकच शिक्षक पाच वर्ग सांभाळून बीएलओचे, म्हणजे मतदारयादीचे कामही करत असेल तर शिकवणे नावापुरते उरते. रस्ता बारमाही आहे, वाहन खात्रीचे आहे आणि पालक राजी आहेत, तेथे एकत्रीकरण मुलांच्या हिताचे ठरू शकते. निर्णय पटाच्या एका आकड्यावर घेऊ नये, एवढाच आमचा आग्रह आहे. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. या समितीने वाटेचे खरे अंतर, साकवांची स्थिती आणि गेल्या पावसात बुडालेले दिवस लिहून ठराव दिला, तर तो नुसत्या ‘शाळा वाचवा’ निवेदनापेक्षा कितीतरी वजनदार ठरतो.

१३. शिक्षकांची पदे नेहमी रिकामी का असतात?

भरतीत मोठ्या संख्येने उमेदवार घाटावरून, म्हणजे पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यातून येतात. काही वर्षांनी आंतरजिल्हा बदली मिळाली की ते स्वजिल्ह्यात परततात, आणि तितक्याच संख्येने कोणी कोकणात यायला तयार नसते. स्थानिक डी.एड. धारकांची जिल्हानिहाय भरतीची मागणी यातूनच उभी राहिली आहे. गेलेल्या शिक्षकांना नावे ठेवणाऱ्या चाकरमान्यांनी स्वतःही गाव पोटासाठीच सोडले, हे येथे नमूद करणे गैर ठरू नये.

१४. दहावीच्या निकालात कोकण मंडळ नेहमी पहिले. मग शाळांची काळजी कशाला?

२०१२ च्या पहिल्या परीक्षेपासून कोकण विभागीय मंडळ राज्यात अव्वल आहे. २०२४ मध्ये त्याचा निकाल ९९.०१ टक्के लागला. पण या मंडळात दोनच जिल्हे आहेत आणि दहावीचे वर्ग बहुतांशी खासगी अनुदानित शिक्षणसंस्था चालवतात, जिल्हा परिषद नव्हे. शिवाय टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांची असते. ती मुले पुढे कोठे जातात, हे प्रश्न ४ मध्ये आलेच आहे.

१५. उर्दू शाळांनाही हेच लागू होते का?

ढोबळमानाने होय, पण एका फरकासह. रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या मुस्लिम वस्त्यांमधून आखाती देशांत जाण्याची परंपरा आहे. तेथे बहुधा पुरुष एकटा जातो, कुटुंब गावी राहते आणि घर पैशाने बरे असते. म्हणून तेथे मुले गावात असूनही पट घटू शकतो, कारण परवडते म्हणून ती इंग्रजी शाळेत जातात. मराठी आणि उर्दू शाळा एकाच गावात असतील, तर दोन्हींचा पट मिळवून ‘गावातील मुले’ काढावीत, एकाच शाळेवरून निष्कर्ष काढू नये.

१६. आमच्या गावाची आकडेवारी कोठे मिळेल?

जिल्हा जनगणना पुस्तिकेत गावनिहाय कुटुंबे, ० ते ६ वयाची मुले, साक्षर आणि मुख्य व सीमान्त (वर्षात सहा महिन्यांपेक्षा कमी काम मिळालेले) कामगार यांचे आकडे आहेत. शाळांच्या देशव्यापी माहितीसाठ्यातील, म्हणजे यू-डायसमधील, शाळेचा अकरा अंकी क्रमांक घेऊन वर्षवार पट पाहता येतो. ग्रामपंचायतीचे जन्मनोंदणी पुस्तक उपयोगी आहे, मात्र प्रसूती तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात झाल्यास जन्माची नोंद तेथे होते, गावात नाही. त्यामुळे त्या पुस्तकात गावात मुले जन्मतच नाहीत असे दिसू शकते. अंगणवाडीच्या वहीबद्दल प्रश्न ६ पाहा.

१७. शाळा बंद झाली तर इमारत आणि जागा कोणाची?

इमारत जिल्हा परिषदेची. ती अंगणवाडीला, वाचनालयाला किंवा ग्रामपंचायतीला वापरायला द्यायची तर जिल्हा परिषदेची मंजुरी लागते. वाडीने परस्पर कुलूप उघडून मंडळाचे सामान ठेवू नये. जागेचा प्रश्न अवघड आहे. कित्येक शाळांना कोणा गावकऱ्याने साठ-सत्तर वर्षांपूर्वी तोंडी जागा दिली, शाळा उभी राहिली, सातबाऱ्यावर नाव मात्र देणाऱ्याचेच राहिले. शाळा चालू असेपर्यंत कोणी काही बोलत नाही. ती बंद पडली आणि जवळून रस्ता गेला की वारस जागे होतात. म्हणून आपल्या शाळेचा सातबारा आजच काढून पाहावा, आणि जागा जिल्हा परिषदेच्या नावे नसेल तर देणगीदाराच्या वारसांकडून बक्षीसपत्र नोंदवून घ्यावे. वारस बहुधा मुंबईत असतात, सगळे एकत्र भेटतात ते गणपतीतच, आणि त्या दिवसांतील सुट्ट्यांमुळे दुय्यम निबंधक कार्यालयाचे कामाचे दिवस कमी असतात. त्यामुळे कागद आधी तयार ठेवून तारीख घेऊन ठेवावी.